हरित पक्षांचा भिंततक्ता : मजकूर पक्का, कागद कच्चा

हरित म्हणजे पर्यावरणवादी (ग्रीन) पक्षांना निवडणुकीत काय मिळतं ते दाखवणारा, पणजीत मिळणारा हा तक्ता राज्यशास्त्राच्या वर्गासाठी घ्यावाच. जर्मनीचं गणित त्यात नेमकं उतरलंय: १९८३ साली ग्रीन पक्षाला ५.६ टक्के मतं, म्हणजे ५ टक्क्यांचा उंबरठा (तेवढी मतं मिळाली की मतांच्या प्रमाणात जागा) जेमतेम ओलांडला आणि थेट संसदेत! १९९८ला तर याच पक्षाचे योश्का फिशर परराष्ट्रमंत्री. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखीच पद्धत, ज्याला जास्त मतं तो निवडून; म्हणून २०२४मध्ये ६ टक्क्यांहून जास्त मतं मिळूनही जागा चारच. गोव्याच्या ४० मतदारसंघांशी तुलना हवी होती. म्हादई नदीसाठी झटणाऱ्यांची मतं कुठे विरतात ते मुलांना कळलं असतं. कागद पातळ आहे. जूनमध्ये ओल धरून कडा वळतात, बुरशी येते. आधी लॅमिनेट करा, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून टांगा.