एक मोल तोलायला दोनशे ग्रॅमचा काटा: घ्यावा का, आणि कुठे फसतो

पाकिटावर ‘२०० ग्रॅम / ०.०१ ग्रॅम’ असं छापलेलं, झाकण उघडलं की आत स्टीलची छोटी ताटली. ऑनलाइन दुकानांत हा काटा ‘ज्वेलरी स्केल’ किंवा ‘पॉकेट स्केल’ म्हणून मिळतो. नावं पन्नास, आतला माल जवळजवळ एकच: एक लोड सेल (भाराने किंचित वाकून वजन ओळखणारी पट्टी), एक चिप, ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल आणि तीन-चार बटणं. किंमत साधारण चारशे-पाचशे रुपये. यावर दुकानदारी करता येत नाही, कारण वैधमापनाचा शिक्का त्यावर नसतो. पण नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्याला मोल, म्हणजे डझनासारखीच पण अणू-रेणू मोजायची ठरलेली संख्या, ही भानगड नेमकी काय आहे हे दाखवायचं असेल, तर या किमतीत यापेक्षा कामाची वस्तू सापडणं कठीण. अट एकच, त्याच्या खोडी आधी माहीत हव्यात.

मोल अवघड वाटतो तो त्या अवाढव्य आकड्यामुळे. ६०२२ वर वीस शून्यं लिहिली की मुलं आकडा पाठ करतात आणि तो कशासाठी आहे हे विसरतात. हार्डवेअरवाला खिळे मोजत बसत नाही, तोलून देतो. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की किलोत किती खिळे ते कळतं. मोलर वस्तुमान, म्हणजे एक मोल पदार्थाचं वजन, हा असाच तोलायचा हिशोब. १८.०२ ग्रॅम पाणी, म्हणजे साडेतीन चमच्यांच्या जरा वर, आणि ५८.४४ ग्रॅम मीठ शेजारी-शेजारी ठेवलं की दोन्हीकडे ‘नग’ सारखेच आहेत हे डोळ्यांना दिसतं. (मिठात रेणू नसतात, सोडियम आणि क्लोराइड आयनांच्या जोड्या असतात. म्हणून एक मोल मिठात आयन मोजले तर दोन मोल भरतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.)

पुस्तकात सोडियम २३, क्लोरीन ३५.५ धरून मिठाचं ५८.५ होतं. परीक्षेत तेच लिहावं. पण हा काटा दोन दशांश स्थळं दाखवतो, त्यामुळे ५८.५० आणि ५८.४४ मधला फरक त्यावर चक्क दिसतो: ०.०६ ग्रॅम, म्हणजे मिठाचे बरेच दाणे. ३५.५ हा आकडा कुठून आला हे सांगायची याहून चांगली वेळ नाही. निसर्गात हलका क्लोरीन-३५ आणि जड क्लोरीन-३७ साधारण तीनास एक असे असतात, त्यांची सरासरी ३५.४५ येते आणि पुस्तक ती ३५.५ करतं. किलोवारी काट्यावर हे कधीच दिसणार नाही.

आता खोडी. पहिली कुवतीची. साखरेचा एक मोल ३४२.३० ग्रॅम, तो या काट्यावर बसतच नाही. अर्धा मोल १७१.१५ ग्रॅम, तो बसेल असं वाटतं. पण साठ ग्रॅमची वाटी ठेवून ‘टेअर’ (ठेवलेल्या वजनाला शून्य मानायचं बटण) दाबलं म्हणून कुवत वाढत नाही. आकडा शून्य दिसला तरी लोड सेलवर साठ ग्रॅमचा भार असतोच. १७१ अधिक ६० म्हणजे २३१. काटा ओव्हरलोडची खूण दाखवतो, आणि वारंवार तसं केलं किंवा वरून हाताचा दाब पडला तर लोड सेल कायमचा वाकतो. मग रिकाम्या ताटलीवरही शून्य येत नाही. साखरेचा पाव मोल घ्यावा, ८५.५७ ग्रॅम, तोही कागदी कपात. बरीच माणसं पहिल्या आठवड्यातच काटा मारतात ती याच कारणाने.

दुसरी खोडी फारशी कुणाला माहीत नसते आणि मोलच्या कामात तीच जास्त नडते. आकडा ०.०० असताना चिमटीतून दाणा-दाणा मीठ टाकून बघा. बरंच मीठ पडलं तरी काटा ०.०० वरच बसून राहतो. काटा बिघडलेला नसतो. शून्याजवळ हळूहळू होणारा बदल म्हणजे तापमानामुळे सरकलेलं शून्य, असं समजून चिप तो गिळून टाकते. टेअर करून आणलेल्या शून्यालाही हेच लागू. म्हणून थोडा पदार्थ तोलायचा असेल तर टेअर वापरूच नये. वाटी ठेवा, तिचं वजन वहीत लिहा, पदार्थ घाला, वजाबाकी करा. मोठं वजन असेल, उदाहरणार्थ ५८.४४, तर पंचावन्न-छप्पन्न ग्रॅम एकदम ओता आणि उरलेलं चमच्याच्या टोकाने झटकत भरा. शून्यापासून लांब गेल्यावर काटा नीट चालतो.

तिसरी खोडी आपल्या घरांची: पंखा. छताचा पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचतो, कधी शेवटचे दोन. पंखा बंद करा, नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीचा खालचा भाग कापून काट्यावर पालथा घाला. आणि पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत मीठ उघडं ठेवून तोलू नका. दमट मिठाचे ५८.४४ ग्रॅम म्हणजे थोडं मीठ आणि थोडं पाणी.

काट्याची खरी परीक्षा खाण्याच्या सोड्यावर होते. सोडियम बायकार्बोनेटचं मोलर वस्तुमान ८४.०१, म्हणजे ०.१ मोल म्हणजे ८.४० ग्रॅम. तापवल्यावर त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात. स्टीलची वाटी घ्या, अॅल्युमिनियमची नको, कारण तापलेला अल्कली तिला खातो. डब्यावर ‘बेकिंग सोडा’ आहे ना ते बघा. ‘बेकिंग पावडर’मध्ये स्टार्च आणि आम्ल मिसळलेलं असतं, त्याने सगळा हिशोब बिघडतो.

समजा कोरडी वाटी ६१.३२ भरली. सोडा घालून ६९.७२ करा. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं तापवा. सुरुवातीला पूड उकळल्यासारखी हलते, कारण खालून वायू बाहेर पडत असतो. आच मोठी असेल तर पूड उडून वाटीबाहेर जाते आणि मग उत्तर ‘फारच छान’ येतं, पण खोटं. चमच्याने ढवळलंत तर चमच्याला लागलेली पूड हिशोबातून जाते. वाटी हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम वाटी तोलली तर वर उठणारी हवा तिला किंचित उचलते आणि वजन कमी दिसतं, शिवाय खालचा लोड सेल तापून शून्य सरकतं ते वेगळंच. या वेळात काटा आपोआप बंद होतो, टेअर पुसला जातो. वाटीचं वजन वहीत असायला हवं ते म्हणूनच.

गार वाटी तोला, पुन्हा तापवा, पुन्हा तोला. पहिल्या खेपेला ६७.४०, दुसऱ्या खेपेला ६६.७०, तिसऱ्या खेपेला ६६.६३ आणि मग हललं नाही, असा प्रवास दिसला की समजावं काम झालं. अपेक्षित आकडा ६६.६२. तो कुठून आला? इथेच वर्गातल्या निम्म्या वह्या चुकतात. सोड्याचे ०.१ मोल, म्हणून कार्बोनेटचेही ०.१ मोल असं धरलं तर १०.६० ग्रॅम उरायला हवं. ८.४० ग्रॅम तापवून १०.६० कसं उरेल? समीकरणात सोड्याच्या दोन नगांपासून कार्बोनेटचा एक होतो, म्हणून ०.०५ मोल, गुणिले १०५.९९, म्हणजे ५.३० ग्रॅम. गेलेल्या ३.१० ग्रॅममध्ये ०.९० पाणी आणि २.२० कार्बन डायऑक्साइड. समीकरणाच्या पुढे लिहिलेला ‘२’ ही शोभेची वस्तू नाही, हे काटा ज्या ठसठशीतपणे सांगतो तसं फळा सांगू शकत नाही. काट्याची चूक दर वाचनाला ०.०२ धरली तरी ३.१० मध्ये ती एक-दीड टक्क्यात बसते. या किमतीला हे उत्तम.

अंतिम वजन जास्त आलं तर सोडा अजून पूर्ण फुटलेला नाही किंवा वाटी रात्रभर उघडी राहून कार्बोनेटने ओल धरली. कमी आलं तर पूड उडाली किंवा मुळातला सोडा दमट होता. तिसरं कारण शोधायची वेळ क्वचित येते.

आता जे जमत नाही ते. मॅग्नेशियमची फीत जाळून ऑक्साइडचं सूत्र काढणं हा शाळेचा ठरलेला प्रयोग. दहा सेंटिमीटर फीत साधारण ०.१ ग्रॅमची. जळाल्यावर वाढ अपेक्षित ०.०६६ ग्रॅम. म्हणजे काट्यावर ०.०१ चे सहा किंवा सात ‘ठिपके’, आणि त्यातले दोन-तीन काट्याच्या लहरीचे. उत्तर दरवेळी वेगळं येणार. फीत किती मोल आहे एवढंच काढायचं असेल तर वाट आहे: एक मीटर फितीची गुंडाळी तोला, लांबीने भागा, मग हवे तेवढे सेंटिमीटर कापा. पण जळाल्यानंतरचं वजन हा काटा धड सांगू शकत नाही.

आणखी एक लाडका उपक्रम आहे: खडूने फळ्यावर नाव लिहा, आधीचं-नंतरचं वजन घ्या, नावात किती मोल कॅल्शियम कार्बोनेट गेलं ते काढा. दोन ठिकाणी पाय घसरतो. एका नावाला झिजणारा खडू काट्याच्या शेवटच्या दोन-चार ठिपक्यांत मावतो, त्यामुळे निदान वीस वेळा लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि आपल्याकडे मिळणारे बरेच खडू कार्बोनेटचे नसतातच, प्लास्टर ऑफ पॅरिसपासून साच्यात ओतलेले, म्हणजे जिप्समचे असतात. तिथे १००.०९ ऐवजी १७२.१७ ने भागावं लागतं. खडूवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला नाही तर तो जिप्समचा.

काटा हातात आल्यावर पहिलं काम नाण्यांचं. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं ६.०० ग्रॅमचं ठरवलेलं आहे. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, त्यामुळे यावरून काटा ‘लावायचा’ नाही, फक्त तपासायचा. तेच एक नाणं रिकाम्या ताटलीवर तोला, मग १०० ग्रॅम भार आधीच ठेवलेला असताना तोला. दोन्ही वेळा फरक तोच यायला हवा. कोपऱ्यावर ठेवून आणि मध्ये ठेवूनही बघा. ०.०३ च्या वर फरक पडला तर परत पाठवा, मुदत असेतोवर.

‘कॅल’ (कॅलिब्रेशन, म्हणजे काटा लावणं) लिहिलेलं बटण कुतूहलाने दाबून धरू नका. पडद्यावर १००.०० किंवा २००.०० चमकतं, म्हणजे काटा तेवढ्या वजनाची वाट पाहतोय. तिथे मोबाइल किंवा साखरेची पुडी ठेवलीत तर तेच तो शंभर ग्रॅम मानून बसेल आणि पुढचे सगळे मोल चुकतील. आपला काटा किती मागतो ते बघून तेवढं वजन वेगळं विकत घ्या. बहुतेक पाकिटांत ते नसतं.

पाच किलो / १ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा चालेल का? एक मोल मीठ दाखवायला हो, ५८ आला की झालं. सोड्याच्या प्रयोगाला अजिबात नाही. उलट ०.००१ ग्रॅमचे काटे मोहात पाडतात, पण त्यांची कुवत बहुधा २० किंवा ५० ग्रॅम. स्टीलची वाटीच बसत नाही, आणि तिसरा दशांश श्वासानेही हलतो. ‘५०० ग्रॅम / ०.०१’ असं स्वस्तात लिहिलेलं दिसलं तर शेवटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. साखरेचा पूर्ण मोल एकदाच दाखवायचा असेल तर दोन खेपांत तोला, १७१.१५ आणि पुन्हा १७१.१५, दोन्ही कागदी कपात.

मोल म्हणजे १२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू, ही व्याख्या काही गाइडांत अजून सापडते. २० मे २०१९ पासून ती बदलली, आता मोल म्हणजे ठरवून दिलेली संख्या: ६०२२१४०७६ वर पंधरा शून्यं. या काट्यावर त्याने एक ठिपकाही हलत नाही, पण अकरावीच्या उत्तरात नवी व्याख्या लिहावी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काटा कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा आणि झाकणावर काही ठेवू नका. पाझरलेला सेल आणि वर ठेवलेला पुस्तकांचा गठ्ठा, जूनमध्ये काटा मेलेला सापडतो तो बहुधा या दोहोंपैकी एकामुळे.