हॉस्पिटलमधलं मेडिकल चालवायला घेताय?

हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल मिळतंय म्हणून डिपॉझिट भरायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. माझे आणि मेव्हण्याचे मिळून ३५ लाख अडकलेत. हॉस्पिटल पुण्यातलंच. तक्रार दिली आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

दाखवलं काय, तर भरलेले वॉर्ड, ओपीडीतली गर्दी आणि औषधांच्या खपाचा तक्ता. खप खोटा नव्हता, हे विशेष! पण पेशंट बहुतेक कॅशलेस नाहीतर सरकारी योजनेतले. त्यांची बिलं कपात होऊन महिनोन्महिने उशिरा येतात. बेड भरलेले आणि खात्यात खडखडाट, असं हॉस्पिटल बराच काळ चालतं. मग रोख लागते, ती मेडिकल, कँटीन, लॅबवाल्यांच्या डिपॉझिटमधून काढतात. "नवीन मशीन घेतोय, तुमचाच धंदा वाढेल," असं संचालक डॉक्टर म्हणाले होते. मशीन आलंच नाही, थकलेले पगार मात्र झाले.

खरी लबाडी कागदात होती. आमच्या भाडेकराराआधीच बँकेने त्यांना सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या कर्जवसुलीचा, गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याचा कायदा) कलम १३(२) ची नोटीस दिली होती, ६० दिवसांत थकबाकी भरा अशी. ती मिळाल्यावर गहाण जागा बँकेच्या लेखी संमतीशिवाय भाड्याने देता येत नाही, कलम १३(१३) तेच सांगतं. त्यांनी नोटीस दडवली आणि करार रजिस्टर करून दिला. आम्ही फर्निचर केलं, फ्रीज घेतले, एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) परवाना काढला. तो त्याच जागेपुरता असतो. पुढे दारावर बँकेची ताबा नोटीस लागली.

हॉस्पिटल कंपनीचं असेल तर एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर कुठल्या बँकेचा बोजा आहे ते फुकट दिसतं. त्या बँकेचं संमतीपत्र हातात येईपर्यंत रुपया देऊ नका. ईपीएफओच्या (पीएफचं सरकारी कार्यालय) साइटवर हॉस्पिटलचं नाव टाका, कोणत्या महिन्याचा पीएफ कधी आणि किती माणसांचा भरला ते कळतं. तो लांबायला लागला की पगारही रखडलेले असण्याची शक्यता धरा. आणि सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांना विचारा, त्या हॉस्पिटलला माल उधारीवर देता का? आमच्या हॉस्पिटलची उधारी त्यांनी केव्हाच बंद केली होती. ताळेबंदापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं.

लिलाव झाला तर आधी बँकेचं कर्ज वळतं होणार, आमचं डिपॉझिट विनातारण. असाच अनुभव आला असेल तर करार आणि बँक स्टेटमेंट घेऊन पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्या.