झुडपं कापायला जुना ट्रॅक्टर: फोर्ड ८एन की मॅसी ३५?

अमेरिकेत जरा मोठी जागा घेतली की पडीक कोपऱ्यातली झुडपं साफ करायला जुना ट्रॅक्टर आणि मागे रोटरी स्लॅशर (जड पातं गरगर फिरवून झुडपं कापणारं अवजार), ही जोडी ठरलेली. स्वस्तात सहज दिसतो तो फोर्ड ८एन, १९४७ ते १९५२ मधला. सुटे भाग अजून मिळतात, दुरुस्ती सोपी.

पण त्याचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणारा दांडा, गिअरबॉक्समधून चालतो. क्लच दाबला की इंजिन सुटतं. जड पातं मात्र फिरतच राहतं आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. समोर कुंपण असेल तर ब्रेक दाबूनही धडकी भरते! म्हणून पीटीओवर ओव्हररनिंग कपलर (पात्याचा उलटा जोर ट्रॅक्टरपर्यंत पोचू न देणारा जोड) हवाच. शिवाय क्लच दाबला की मागचं अवजार उचलणारं हायड्रॉलिकही थांबतं. दाट झाडोऱ्यात अडकल्यावर हे फार जाचतं.

मॅसी फर्ग्युसन ३५ इथेच पुढे जातो. दोन टप्प्यांचा क्लच असलेल्या मॉडेलमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पातं फिरत राहतं. समोरचं कापून झालं की पुढे सरका. सहा गिअर असल्याने अगदी हळूही चालवता येतो. आपल्याकडचा टाफेचा १०३५ याच घराण्यातला. मात्र प्रत्येक ३५ ला तो क्लच नसतो, तेव्हा चालवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

माझा कौल ३५ ला. नुसतं गवत असेल तर ८एन पुरतो. उलटला तर वाचवणारी रोल बार मूळ बांधणीत दोघांनाही नाही. उतारावर जायचं असेल तर ती आधी बसवा.