० ते १०० मोजायचंय: फोन पुरेल की रिसीव्हर घ्यावा?

गाडी ० ते १०० किमी/तास किती सेकंदांत गाठते, हे फोनवर मोजायचे चार मार्ग आहेत: फोनमधला ॲक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर), फोनचाच जीपीएस, ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती फोनला पाठवणारं छोटं उपकरण) आणि ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर. पहिल्या दोघांना खर्च नाही. त्यातला ॲक्सेलरोमीटर मात्र सरळ बाजूला ठेवा.

पेडल पूर्ण दाबलं की गाडीचं नाक उचलतं आणि मागची बाजू दबते. सेन्सरला हा कल आणि खरा प्रवेग वेगळे ओळखता येत नाहीत. कल फक्त १ अंशाचा असला तरी दर सेकंदाला ०.१७ मीटर/सेकंद इतका खोटा वेग जमा होत जातो. १२ सेकंदांत तो ७ किमी/तासाच्या पुढे जातो. गाडी आहे त्याहून चपळ दिसते, आणि हे सगळ्यांनाच आवडतं!

फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली वेग चांगला दाखवतो, पण बहुतेक फोनमध्ये सेकंदाला एकदाच. शंभर ओलांडल्याचा क्षण दोन नोंदींमधून हिशोबाने काढता येतो, गाडी हलल्याचा क्षण मात्र हुकतो. म्हणून त्यावर ०-१०० मोजूच नका, ३०-८० मोजा. मॅन्युअल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २५ वर स्थिर ठेवा आणि मग पेडल पूर्ण दाबा. सीएनजी आणि पेट्रोलमधला फरक बघायचा असेल तर हेच माप जास्त खरं, कारण क्लच कसा सोडला याचा त्यात संबंध येत नाही.

ओबीडी डोंगल स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. वेग येतो चाकांवरून, तोही पूर्णांकात. चाक जागीच फिरलं तरी वेग वाढलेला दिसतो, आणि टायरचा साइज बदलला असेल तर आकडा चुकतो. ईएलएम३२७ या चिपच्या स्वस्त नकला असलेले डोंगल उत्तर द्यायला वेळ लावतात. ॲपमध्ये आरपीएम, तापमान सगळं बंद करून फक्त वेग चालू ठेवा. एवढं करूनही डोंगल मला इंजिनची तब्येत बघायलाच योग्य वाटतो.

रीमॅपवर (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) पैसे घालायचे की नाही हे आकड्यावर ठरणार असेल, तर रिसीव्हरच घ्या. ड्रॅगीचं मूळ मॉडेल सेकंदाला १० नोंदी घेतं, रेसबॉक्स मिनी २५. डॅशबोर्डवर काचेलगत ठेवा आणि धावेआधी काही मिनिटं उपग्रह पकडू द्या. काचेत धातूचा उष्णतारोधक थर असेल तर सिग्नल अडतो; मग रिसीव्हर टपावर घट्ट बसवा. ॲपमधलं ‘१ फूट रोलआउट’ तपासा: ते चालू असलं की पहिला फूटभर मोजला जात नाही आणि वेळ सेकंदाच्या काही दशांशांनी कमी येते. आधीची आणि नंतरची धाव एकाच सेटिंगवर हवी.

साधन कुठलंही असो, उतार सगळ्यांनाच फसवतो. १२ सेकंदांच्या गाडीला १ टक्का उतार जवळपास अर्धा सेकंद फुकट देतो. त्यामुळे दोन्ही दिशांनी धावा घेऊन सरासरी काढा. एसी, माणसं आणि टाकीतलं इंधन सारखं ठेवा. अशा गाडीला शंभर गाठायलाच सुमारे २०० मीटर लागतात, वर ब्रेकिंगची जागा वेगळी. हे सार्वजनिक रस्त्यावर करायचं काम नाही. बंद ट्रॅक किंवा परवानगी घेतलेली धावपट्टी मिळेपर्यंत थांबा, आणि फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या.