एका डोळ्याचा घरमालक

रविवारी मावशीला घेऊन कॅम्पात गेले होते, खरं तर ब्लाउजपीससाठी, पण एमजी रोडला पार्किंग मिळेना म्हणून मागच्या गल्लीत गाडी लावली तर समोरच चित्रप्रदर्शनाचा बोर्ड. एन्ट्री फुकट आणि आत एसी, त्यामुळे मावशी लगेच तयार.

चित्रकार इथिओपियाचा, पुण्यात शिकायला आलेला पोरगा. विषय काळी माणसं आणि धर्मातली चिन्हं. मला वाटलं मिशनऱ्यांनी नेलेलाच येशू काळा रंगवला असेल, पण नाही, त्यांच्याकडे चौथ्या शतकातच ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला होता, म्हणजे उसनं काही नाही. आणि त्यांच्या जुन्या चर्चमधल्या चित्रांत एक भारी नियम असतो, चांगला माणूस समोरून, दोन्ही डोळे दिसले पाहिजेत, आणि वाईट माणूस बाजूने, एकच डोळा. हे त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं आणि मग मी सगळी चित्रं पहिल्यापासून परत बघितली.

सगळ्यात जमलंय ते मलिक अंबरचं. शाळेत आपण दोन ओळींत उरकलेला निजामशाहीचा हबशी वजीर, म्हणजे मूळचा इथिओपियाचाच, पण जहांगीरला याने दख्खनमध्ये इतकं दमवलं की शेवटी बादशहाने अबुल हसनकडून चित्रच काढून घेतलं, भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि त्यावर बाण सोडणारा स्वतः जहांगीर! हे १६१६च्या आसपासचं. अंबर मेला १६२६ला, म्हातारा होऊन. इथे तो समोरून आहे, दोन्ही डोळे, आणि डोक्यामागे तांब्याची खरीखुरी प्रभावळ, कसब्यातल्या तांबट आळीतून मठारून आणलेली, जवळ गेलं की एकेक ठोका दिसतो. कातडी पण नुसती काळी नाहीये, कपाळाला निळसर, गालाखाली जांभळट, कानापाशी चक्क तांबूस. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये फोटोवाल्याने न विचारता मला दोन शेड गोरी करून ठेवलीये, ते आठवून परत डोकं फिरलं.

बाकी तक्रारी आहेत. लाइट वरून थेट मारलेत, वार्निशवर असा झगझगाट की ज्या रंगासाठी पोराने एवढी मेहनत घेतली तोच दिसत नाही, मान वाकडी करून बघावं लागतं. माहिती सगळी इंग्रजीत, खाली दोन ओळी मराठीत द्यायला काय जातं? हातात कमळ घेतलेली दोन-तीन चित्रं कॅलेंडरछाप, ती नसती तरी चाललं असतं.

पण जाल तर जिन्यापाशी थांबा, तिथे एक वहीएवढं चित्र आहे, लोक तसेच पुढे जातात. बॅगा घेतलेली तीन पोरं समोरून, आणि दारात घरमालक, बाजूने, एक डोळा. दारावर लिंबू-मिरची आणि गणपतीची टाइल. गणपतीला मात्र दोन्ही डोळे दिलेत.

मावशीचे दोन फ्लॅट भाड्याने आहेत. चष्मा वर-खाली करत ती बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, "टाइल छान काढलीये." आणि थेट त्या पोराकडे गेली, "बेटा, तू रहता किधर है?" तो म्हणाला कोंढव्यात, तिघं मिळून वन बीएचकेत. "डिपॉझिट कितना दिया?" त्याने आकडा सांगितला. मावशी माझ्याकडे वळली, "लुटलंय गं याला."