अमेरिकी व्हिसाची सेवा: फॉर्म आणि ठसे चोख, पुढची पडताळणी बंद दाराआड

मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमधून अमेरिकेचा व्हिसा काढायचा, तर या सेवेला एकच गुण देऊन चालत नाही. फॉर्म, फी, ठसे, पासपोर्ट परत मिळणं हे सगळं बऱ्यापैकी शिस्तीत होतं. फाइल सुरक्षा पडताळणीत गेली की मात्र ती कुठे आहे, किती दिवस लागतील, कुणाला विचारायचं, यातलं काहीच कळत नाही.

डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. सुमारे वीस मिनिटं हात थांबला की पान बंद होतं, म्हणून सुरुवातीलाच अ‍ॅप्लिकेशन आयडी लिहून ठेवा आणि प्रत्येक पानावर सेव्ह करा. फोटो दोन बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सहा महिन्यांच्या आतला हवा. चष्मा चालत नाही.

आपल्याकडच्या लोकांची गाडी अडते ती नावांवर. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये असेल, तर फॉर्ममध्येही तसंच्या तसं उतरवायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी ‘इतर नावं’च्या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव न चुकता द्यावं. ही नावं सुरक्षा याद्यांशी ताडून पाहिली जातात, आणि जुन्या व्हिसावर एक नाव नि फॉर्मात दुसरं असेल तर प्रश्न निघणारच. नाव मातृलिपीत लिहायचा रकाना आहे, तिथे देवनागरी बिनदिक्कत चालते.

मे २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती फॉर्ममध्ये विचारली जातात. विसरलेलं, बंद पडलेलं खातंही त्यात येतं. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसासाठी, तर १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा, मुलांचा) व्हिसासाठीही ही खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मुलाखतीच्या आदल्या रात्री पोस्टी धडाधड पुसणं हा सगळ्यात वाईट उपाय. लिंक्डइनवरचं पद नि फॉर्ममधलं पद जुळतंय का, हे बघणं जास्त कामाचं.

फॉर्म सबमिट झाल्यावर दुरुस्ती होत नाही. नवा भरला की कन्फर्मेशन नंबरही नवा येतो आणि तो अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये बदलावा लागतो. हे राहून गेलं तर बारकोड जुळत नाही आणि दारावरूनच परत फिरावं लागू शकतं. एजंटाकडून फॉर्म भरून घेणाऱ्यांनी एवढं तरी स्वतः तपासावं.

पर्यटक आणि विद्यार्थ्यांना फी १८५ डॉलर, नोकरीच्या एच आणि एल वर्गाला २०५. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बायोमेट्रिक केंद्रात दहा बोटांचे ठसे आणि फोटो होतात; हा टप्पा झटपट उरकतो.

१४ ते ७९ वयाच्या अर्जदारांना समक्ष मुलाखत, ही अट ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००४ च्या कायद्याने पक्की केली. मधल्या काळात ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देण्याची सवलत बरीच सैल झाली होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती पुन्हा आवळली, आणि आता १४ खालच्या मुलांना नि ७९ वरच्या आजी-आजोबांनाही साधारणपणे जावं लागतं. बी-१/बी-२ (व्यावसायिक भेट आणि पर्यटन) व्हिसाचं नूतनीकरण मुदत संपल्यापासून बारा महिन्यांत केलं, तर सवलत मिळू शकते.

मुलाखतीत अमेरिकी कायद्याची दोन कलमं लक्षात ठेवायची. २१४-बी म्हणजे ‘तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही’. पर्यटक आणि विद्यार्थ्यांना हे लागतं, एच-१बी ला नाही. दुसरं २२१-जी, म्हणजे ‘कागद किंवा तपासणी बाकी आहे, तोवर व्हिसा नाही’, आणि सगळा घोळ इथे होतो. हातात चिठ्ठी मिळते. तिच्या रंगावरून भविष्य सांगणारे व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगाने आहेत. रंग सोडा, खूण कुठे केली आहे ते वाचा. कागद मागितले असतील (एच-१बी वाल्यांकडे बहुतेकदा क्लायंटचं पत्र किंवा कंपनीची कागदपत्रं) तर ते एका वर्षाच्या आत द्या, नाहीतर नव्याने अर्ज आणि नव्याने फी. कागद न मागता ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’ म्हटलं असेल, तर काम सुरक्षा तपासणीत गेलं. संवेदनशील तंत्रज्ञानात संशोधन करणाऱ्यांच्या वाट्याला हे जास्त येतं. कधी ईमेलवर डीएस-५५३५ ची प्रश्नावली येते: पंधरा वर्षांचे प्रवास, पत्ते, नोकऱ्या. जुने पासपोर्ट जपून ठेवलेल्यांचे कष्ट तेव्हा वाचतात.

या काळात ऑनलाइन स्थिती ‘रिफ्यूज्ड’ दिसते. घाबरू नका, प्रक्रिया चालू असतानाही तेच दिसतं. पण एवढ्या महत्त्वाच्या सेवेने दोन वेगळ्या अवस्थांना एकच शब्द वापरावा, याला ढिसाळपणाच म्हणायचं. अपीलही नाही: कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालयं सहसा पडत नाहीत, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात ते पुन्हा अधोरेखित केलं. निर्णयच रखडला, तर तो द्यायला लावण्यासाठी तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं, खर्चिक काम.

गुण द्यायचेच तर पाचापैकी फॉर्म आणि ठशांना चार, पडताळणीला एक. डिसेंबर २०२५ मधल्या भारतातल्या अनेक एच-१बी मुलाखती एकदम मार्च २०२६ आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या, आणि स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यायला आलेले लोक इथेच अडकले. तेव्हा एच-१बी वर असाल तर तिकीट काढायच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या, की अडकलात तर भारतातून काम करायची परवानगी आहे का आणि किती आठवडे.