लँकेशायरचे जुने फोटो : बरेच महिने बघितल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, इंग्लंडची ती कॅलेंडरवरची गावं, दगडी पूल, खिडकीत फुलं असलं काही बघायचं असेल तर लँकेशायर या तिथल्या कापडगिरण्यांच्या मुलखाच्या नादाला लागू नका. इथे धूर, गिरण्यांची धुराडी म्हणजे चिमण्या, एकमेकांना चिकटलेली विटांची घरं आणि बाराही महिने ओला रस्ता. मला तेच पाहिजे होतं. घरातल्या दोन पिढ्या लालबाग-परळच्या गिरण्यांत गेल्या, आणि तिथले कितीतरी साचे (म्हणजे कापड विणायचे माग) लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून बोटीने आलेले, मग तो मुलूख दिसायचा तरी कसा म्हणून गेल्या पावसाळ्यात सहज नेटवर जुने फोटो शोधायला घेतले ते आता रोज जेवण झालं की अर्धा तास हेच चालतं, बायको म्हणते यापेक्षा सिरियल परवडली.

पहिली गोष्ट, एकाच साइटवर सगळं मिळेल अशी आशा ठेवू नका. १९७४ मध्ये तिकडच्या काउंट्यांच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या) हद्दी बदलल्या, त्यात ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले, लिव्हरपूल मर्सीसाइडमध्ये, आणि उलट बार्नोल्ड्सविक हे यॉर्कशायरचं गाव लँकेशायरला मिळालं. पुढे १९९८ ला ब्लॅकबर्न-डार्वेन आणि ब्लॅकपूलचा कारभारही वेगळा झाला. त्यामुळे फोटोही वाटले गेलेत, काउंटीच्या लायब्ररीकडे थोडे, एकेका टाउनच्या म्युझियमकडे थोडे, बाकीचे हौशी लोकांनी स्कॅन करून टाकलेले. "लँकेशायर मिल" असं सर्च केलं तर कचरा येतो. गावाचं नाव टाका, त्याहून बरं म्हणजे रस्त्याचं नाव टाका.

आणि शेजारच्या टॅबमध्ये नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (म्हणजे तिकडच्या सरकारी नकाशा खात्याचे) नकाशे उघडे ठेवा, फुकट आहेत, आणि त्यात इंग्लंडही आहे. त्यात प्रत्येक गिरणी नावानिशी छापलेली, आणि आजचा सॅटेलाइट फोटो बाजूला लावता येतो. नकाशाशिवाय हे फोटो म्हणजे नुसत्या विटा. ब्रिटन फ्रॉम अबव्ह म्हणून एरोफिल्म्स कंपनीचे विमानातून काढलेले फोटो आहेत, १९१९ ते १९५३ मधले, लॉगिन केलं की भरपूर झूम होतो. बर्नली गाव असं वरून बघताना करवतीच्या दात्यांसारखी छपरं दिसतात, एका बाजूला काच आणि ती काच शक्यतो उत्तरेकडे, म्हणजे आत उजेड येतो पण ऊन थेट साच्यावर पडत नाही. असं छप्पर दिसलं की समजायचं खाली कापड विणतात. सूतगिरणी वेगळी, ती चार-पाच मजली. हे कळल्यावर फोटो बघायची मजा एकदम वाढली.

तारखांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका हो. "अंदाजे १९००" लिहिलेलं असतं आणि रस्त्यावर विजेच्या ट्रामची तार लटकतेय, आता प्रेस्टनमध्ये विजेची ट्राम १९०४ ते १९३५ एवढीच होती, मग १९०० कसं असेल? काचेची निगेटिव्ह उलटी स्कॅन झाली की दुकानाच्या पाट्या उलट्या दिसतात, तेही बऱ्याचदा सापडतं. आणि आकाश स्वच्छ असलेला फोटो दिसला तर तो बहुतेक वेक्स वीकचा, म्हणजे गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम आठवडाभर बंद आणि अख्खं गाव ट्रेनने समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला. एरवी समोरची टेकडीसुद्धा धुरात गायब.

आतले फोटो कमी आहेत पण तेच सगळ्यात भारी. वरून साचे चालवणारे पट्टे येतायत, मधली वाट इतकी अरुंद की बाईला अंग तिरकं करून जावं लागेल, आणि सगळ्या बायका, आपल्याकडे साच्यावर पुरुष असायचे. आवाज एवढा की त्या ओठ वाकडेतिकडे करून बोलायच्या, नुसते ओठ बघून समजायचं. सुताची नवीन कांडी घातली की धोट्याच्या (आडवा धागा घेऊन साच्यात इकडून तिकडे धावतो तो) भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायच्या, एकच धोटा दहा जणींच्या तोंडाला. बर्नलीजवळ हार्ल साइक गावात क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४ च्या सुमाराची, तिथे वाफेचं इंजिन आणि तीनेकशे साचे अजून जागेवर आहेत, इंजिनाचं नाव पीस. जुने फोटो बघून झाल्यावर तिथले आजचे व्हिडिओ बघा, आवाजाचा अंदाज येतो.

डार्वेनचा गांधीजींचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, सप्टेंबर १९३१, गिरणीतल्या बायका हात वर करून ओरडतायत आणि मध्ये हे. परदेशी कापडाच्या बहिष्काराचा फटका बसलेलं हे गाव आणि चेहऱ्यांवर राग शोधून सापडत नाही. मी त्या फोटोवर थांबलो नाही, डार्वेनचे बाकीचे काढत बसलो, तर तिथे इंडिया मिल नावाचीच गिरणी आहे, १८६७ ला पूर्ण झालेली तिची चिमणी ३०३ फूट, इटलीतल्या घंटाघराच्या थाटाची. धूर सोडायला एवढी नक्षी! गावाच्या कुठल्याही फोटोत कोपऱ्यात ती असतेच, त्यामुळे फोटो कुठून काढला ते लगेच कळतं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. एका साइटवर फोटोच्या बरोबर मधोमध वॉटरमार्क, मोठी फाइल पाहिजे तर पैसे भरा, मेलला उत्तर आलं तेव्हा मी काय विचारलं होतं तेच विसरलो होतो. हल्ली काही जण एआयने रंग भरून टाकतात, त्यात काजळी धरलेली भिंत चक्क केशरी होते, असले फोटो मी सरळ सोडून देतो. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे १९५० नंतर पाकिस्तानातून आणि आपल्या सुरत-भरूचकडून प्रेस्टन, ब्लॅकबर्नच्या गिरण्यांत गेलेली माणसं, नाइट शिफ्ट बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच जिवावर चालायची, पण मी बघितलेल्या संग्रहांत ती फार थोडी दिसतात. फोटोग्राफर दिवसा यायचे, आणि तेही नवीन मशीन आलं किंवा कोणी बडा पाहुणा आला तर.

हलती चित्रं आवडत असतील तर ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन या दोन फिल्मवाल्यांच्या फिल्म्स चुकवू नका. १९०० च्या आसपास गिरणी सुटायच्या वेळी फाटकावर कॅमेरा लावायचे आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीलाच जत्रेत तिकीट लावून तेच दाखवायचे. रिळं १९९४ ला एका दुकानाच्या तळघरात सापडली, आता बीएफआयकडे (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) आहेत. फोनवर बघू नका, मोठ्या स्क्रीनवर लावा, मागे जाणारी पोरं कॅमेऱ्यासमोर परत परत येतात ते तेव्हाच दिसतं.